फॉरवर्ड एक सांगतंय, रिव्हर्स दुसरंच : ब्लड ग्रुप जुळत नसेल तर काय काय बघायचं

काल रात्री साडेअकराला परत तोच फोन आला. तालुक्याच्या ब्लड सेंटरला नाइट करणारा मुलगा, आमच्याकडेच ट्रेनिंग करून गेलेला. म्हणाला, "ताई, फॉरवर्डला ए येतोय, मस्त फोर प्लस, पण रिव्हर्सला ए सेलमध्येपण बारीक दाणे दिसतायत, बाहेर नातेवाईक उभे आहेत, काय लिहू?" मी म्हटलं, आत्ता काहीच लिहू नकोस, आधी सांग ओ सेलची ट्यूब लावलीस का. दोन सेकंद शांतता. लावली नव्हती. (फोर प्लस म्हणजे सगळ्यात घट्ट गोळा, वन प्लस म्हणजे अगदी हलका; फॉरवर्ड, रिव्हर्स आणि ओ सेल काय ते खाली सांगते.)

हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे रात्री कोणाला लागलं तर हाताशी असेल. जे लॅबमधले नाहीत पण ज्यांच्या घरात एकाच माणसाचे दोन रिपोर्ट दोन ग्रुप दाखवतायत त्यांनीपण वाचा, अवघड वाटलं तर ती ओळ सोडून पुढे जा.

आधी थोडक्यात हे की ग्रुप काढतात कसा. लाल पेशीवर ए किंवा बी अँटिजेन, म्हणजे एक खूण, असतो, आणि जो नसतो त्याच्या विरुद्धची अँटिबॉडी, म्हणजे ती खूण पकडून पेशींचे गोळे करणारं प्रथिन, त्याच माणसाच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पिवळसर द्रवात) असते. ए ग्रुपवाल्याकडे अँटी-बी, बीवाल्याकडे अँटी-ए, ओवाल्याकडे दोन्ही, एबीवाल्याकडे एकही नाही. म्हणून तपासणी दोन बाजूंनी होते. पेशंटच्या पेशी आणि बाटलीतलं अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी (डी म्हणजे आरएच, ग्रुपपुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) हे झालं फॉरवर्ड. पेशंटचा प्लाझ्मा आणि आपल्याकडच्या माहितीतल्या ए, बी, ओ पेशी हे झालं रिव्हर्स. लँडस्टायनरने व्हिएन्नात १९०१ साली ग्रुप शोधले तेव्हा त्याने हेच केलं होतं, सहकाऱ्यांचं रक्त घेतलं, प्रत्येकाचं सिरम (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) प्रत्येकाच्या पेशींवर घातलं आणि कुठे गोळे होतायत ते तक्त्यात मांडलं. दोन्ही बाजू एकमेकींची साक्ष देतात, आणि साक्ष जुळल्याशिवाय ग्रुप रिलीज करायचा नाही.

पण बऱ्याच छोट्या लॅबमध्ये टाइलवर तीन थेंब टाकून फक्त फॉरवर्ड होतो आणि तोच रिपोर्ट पेशंट आयुष्यभर पाकिटात घेऊन फिरतो. टाइल वाईट आहे असं मी म्हणत नाही, कॅम्पमध्ये डोनरचा पहिला अंदाज घ्यायला ती ठीक आहे, पण रक्त चढवायचं असेल तर ट्यूब किंवा जेल कार्डच (जेल भरलेल्या बारीक नळ्यांचं तयार कार्ड), आणि दोन्ही बाजूंनी.

आता जुळलं नाही तर. पहिली गोष्ट म्हणजे अँटिबॉडीच्या मागे धावू नका, ट्यूबवरचं लेबल बघा. रिक्वेस्ट फॉर्मवरचं नाव, वय, आयपी नंबर (भरती झाल्याचा नंबर) आणि ट्यूबवरचं नाव एकच आहे का. लेबल बेडपाशी लावलं का नर्सिंग स्टेशनवर बसून पाच ट्यूबांना एकदम लावलं हे फोन करून विचारा, लाजू नका. ही चूक फार वाईट, कारण तिच्यात फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्ही अगदी छान जुळतात, फक्त रक्त दुसऱ्याचं असतं. ती पकडायची असेल तर पेशंटचा जुना रेकॉर्ड काढून बघा, आणि रेकॉर्ड नसेल तर वेगळ्या वेळी घेतलेलं दुसरं सॅम्पल मागवा. एकाच वेळी काढून दोन ट्यूबांत भरलेलं चालणार नाही, ते एकच सॅम्पल आहे.

दुसरं, पहिल्यापासून परत लावा. खरंच सांगते, निम्म्या वेळा इथेच सुटतं. पेशंटच्या पेशी सलाइनने तीनदा धुवा, साधारण पाच टक्क्यांचं सस्पेन्शन करा, घट्ट झालं किंवा फारच पातळ झालं तर रिअॅक्शन उगाच कमी दिसते. ट्यूबमध्ये आधी अँटिसिरम (ते बाटलीतलं अँटी-ए, अँटी-बी) किंवा प्लाझ्मा टाका, मग पेशी. हा क्रम मी सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवते, कारण अँटी-ए निळं असतं, अँटी-बी पिवळं, पेशी टाकायच्या आधी रांगेकडे बघितलं की कुठली ट्यूब रिकामी राहिली ते लगेच कळतं. आधी लाल थेंब टाकला की मग काहीच कळत नाही, आणि ज्या ट्यूबमध्ये सिरम टाकायचंच राहिलं ती ट्यूब बिचारी निगेटिव्हच येणार. बाटल्या दोन ते आठ अंशांतच ठेवायच्या, रात्रभर बाहेर राहिल्या, लाइट गेली, फ्रीजच्या मागच्या भिंतीला चिकटून गोठल्या, सिरम गढूळ दिसतंय, तर ती बाटली बाजूला काढा. रोज सकाळी माहितीतल्या ए, बी, ओ पेशींवर सिरम तपासून त्याची नोंद करायची ती याच्यासाठीच.

आणि वाचताना. ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर जोरात हलवू नका हो. आधी उभी धरून वरचा द्रव बघा, लालसर झालाय का, कारण पेशी फुटल्या असतील तर तीपण पॉझिटिव्ह रिअॅक्शनच आहे आणि ती लोकांच्या नजरेतून सुटते. मग ट्यूब तिरकी करून तळाचं बटण, म्हणजे खाली बसलेल्या पेशींची गोळी, कसं सुटतंय ते बघा. निगेटिव्ह असेल तर ते धुरासारखं ओघळत निघतं, फोर प्लस असेल तर अख्खं बटण एका तुकड्यात उचललं जातं. फॉरवर्डमध्ये थ्री-फोर प्लसच्या खाली काही दिसलं तर थांबायचं. टाइलवर करत असाल तर दोन मिनिटांच्या आत वाचा. मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेल्या टाइलवर थेंबाची कड वाळून किसासारखे दाणे दिसायला लागतात आणि नवीन माणूस त्याला बिनधास्त पॉझिटिव्ह म्हणतो. मी स्वतः ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी असा एक बी पॉझिटिव्ह एबी पॉझिटिव्ह लिहायला निघाले होते, आमच्या सीनियर मॅडमनी टाइल उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, मधला भाग बघ, कड बघू नकोस. मध्ये काहीच नव्हतं.

इतकं करूनही जुळत नसेल तर मग पेशंटच्या रक्तातच काहीतरी आहे. इथे ओ सेलची ट्यूब आणि ऑटो कंट्रोल, म्हणजे पेशंटचाच प्लाझ्मा आणि पेशंटच्याच पेशी, या दोन ट्यूबा लावल्याशिवाय एक पाऊलही पुढे जाता येत नाही. ओ पेशींवर ए पण नाही, बी पण नाही, म्हणजे कोणाच्याही नेहमीच्या अँटी-ए, अँटी-बीने त्या गोळा व्हायला नकोत. झाल्या तर प्लाझ्मात तिसरंच काहीतरी आहे.

कालच्या पेशंटचंच घ्या. ए सेलला वन प्लस, बी सेलला फोर प्लस, मी त्याला ओ सेल आणि ऑटो लावायला सांगितलं, दोन्ही निगेटिव्ह आले. म्हणजे नेहमीच्या अँटी-बीशिवाय जी जादा अँटिबॉडी आहे ती फक्त ए पेशींवरच धावतेय, आणि पेशंट स्वतः ए. हे चित्र बहुतेक वेळा ए२ चं असतं. ए ग्रुपमध्ये ए१ आणि ए२ असे दोन मुख्य उपप्रकार, आणि काही ए२ किंवा ए२बी लोकांच्या प्लाझ्मात अँटी-ए१ तयार होते, आपल्या रिव्हर्सच्या पेशी बहुतेक ए१ असतात म्हणून त्या गोळा होतात. हे पक्कं करायला पेशंटच्या पेशींवर अँटी-ए१ लेक्टिन टाकायचं, ए१ असेल तर गोळे, ए२ असेल तर काहीच नाही, आणि प्लाझ्मा ए२ पेशींवर लावला की निगेटिव्ह येतो. हे लेक्टिन कशातून काढतात माहितीये का, आपल्या कुळथातून! ज्याचं आपण पिठलं आणि कढण करतो तोच कुळीथ, त्याच्या बियांमधलं प्रथिन ए१ पेशी ओळखतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा घरी जाऊन आईला सांगितलं होतं, आणि अजूनही ती छोटी बाटली हातात घेतली की बरं वाटतं. काल तिथे लेक्टिन नव्हतं, म्हणून त्याने सॅम्पल सकाळी मोठ्या सेंटरला पाठवलं आणि तोवर डॉक्टरांशी बोलून, क्रॉसमॅच करून (पेशंटचा प्लाझ्मा पिशवीतल्या पेशींशी जुळतो का ते बघून) ओ पॅक्ड सेल, म्हणजे प्लाझ्मा काढलेल्या लाल पेशी, दिले. ओ सेल निगेटिव्ह आले होते म्हणूनच हे करता आलं, हे लक्षात ठेवा.

आता समजा ओ सेल पॉझिटिव्ह आणि ऑटोपण पॉझिटिव्ह. मग सगळ्यात आधी डोक्यात थंडीवाली अँटिबॉडी यायला पाहिजे. असं सॅम्पल बघितलं असेल तर विसरणार नाही, ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) ट्यूब फ्रीजमधून काढून तिरकी केली की काचेला लाल रवा चिकटल्यासारखा दिसतो, आणि तीच ट्यूब मुठीत चार-पाच मिनिटं धरली की रवा विरघळून रक्त परत सारखं होतं. या पेशंटच्या पेशी स्वतःच्याच अँटिबॉडीने आधीच गोळा झालेल्या असतात, म्हणून टाइलवर अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी तिन्हीत दाणे, आणि रिपोर्ट जातो एबी पॉझिटिव्ह. सॅम्पल ३७ अंशांवर ठेवा, गरम सलाइनने पेशी धुवा, परत फॉरवर्ड लावा. प्लाझ्मा आणि रिव्हर्सच्या पेशी वेगवेगळ्या ३७ ला गरम करून मग एकत्र करा आणि वाचा. म्हणून माझा नियम, एबी पॉझिटिव्ह आला की पेशंटच्या पेशी नुसत्या सलाइनमध्ये किंवा सहा टक्के अल्ब्युमिनमध्ये टाकून एक कंट्रोल लावायचाच. कंट्रोलमध्ये गोळे आले तर ती एबी खरी धरायची नाही.

दुसरं कारण रूलो. मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेचा एक कॅन्सर), प्रोटीन फार वाढलेलं, किंवा डेक्स्ट्रान (सलाइनसारखं शिरेतून देतात ते) दिलेलं असेल तर पेशी एकमेकींना चिकटतात, पण मायक्रोस्कोपखाली बघितलं तर नाण्यांची चळत लावल्यासारख्या दिसतात, खऱ्या गोळ्यासारखा वेडावाकडा गुच्छ नसतो. ट्यूब परत फिरवा, प्लाझ्मा काढून तेवढंच सलाइन घाला, हलकेच मिसळून परत फिरवा. रूलो सुटतो, खरं ॲग्लुटिनेशन, म्हणजे अँटिबॉडीने झालेले गोळे, तसंच राहतं. नाळेच्या रक्तातपण असंच होतं, नाळेतली जेली पेशींना लागलेली असते, तीन-चारदा धुतलं की जाते. आणि नवजात बाळाचं रिव्हर्स करत बसू नका, स्वतःच्या अँटिबॉडी बाळ तीन ते सहा महिन्यांनी करायला लागतं, त्याआधी प्लाझ्मात जे सापडेल ते आईचं. म्हणून बाळाच्या फाइलमधला ग्रुप वर्षाच्या आसपास परत करून घ्या असं आई-बाबांना सांगावं.

म्हाताऱ्या माणसांचं उलटं असतं. पंचाऐंशी वर्षांच्या आजोबांचा फॉरवर्ड स्वच्छ ओ, रिव्हर्सला ए सेल निगेटिव्ह, बी सेल निगेटिव्ह, मुलगा घाबरून फोन करतो. वयाने अँटिबॉडी क्षीण झालेली असते, किंवा इम्युनिटी दाबणारी औषधं चालू असतात. प्लाझ्माचे दोनाऐवजी चार थेंब घ्या, रूम टेंपरेचरला पंधरा ते तीस मिनिटं ठेवा, तरी नाही आलं तर चार अंशाला ठेवा, पण चारला ठेवताना ओ सेल आणि ऑटो बरोबर ठेवा नाहीतर थंडीवाली अँटिबॉडी फसवेल.

मिक्स्ड फील्ड हा वेगळाच प्रकार, ट्यूबमध्ये काही छान गोळे आणि भोवती सुट्ट्या पेशींचा लाल पूर. इथे मशीनपेक्षा फोन कामाला येतो. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय का, दुसऱ्या हॉस्पिटलमधून आलाय का, बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय का. ए पेशंटला अपघाताच्या रात्री चार ओ पिशव्या गेल्या असतील तर दोन्ही प्रकारच्या पेशी दिसणारच. ल्युकेमियात अँटिजेन इतका फिका पडतो की ए माणूस ओसारखा दिसतो, रिव्हर्स मात्र ए म्हणत राहतो. आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये किंवा जंतुसंसर्गात जंतूंचं एन्झाइम ए अँटिजेनला थोडं बदलून बीसारखं करतं, मग ए माणूस फॉरवर्डला एबी, बीची रिअॅक्शन फिकी, आणि प्लाझ्मात अँटी-बी शाबूत. म्हणून निदान काय आहे ते फॉर्मवर लिहून घ्या, डॉक्टरांनी रिकामं सोडलं असेल तर विचारा.

आता आरएच, कारण घरच्या लोकांची सगळ्यात जास्त तक्रार इथे असते. "रक्तदानाच्या कार्डावर पॉझिटिव्ह, हॉस्पिटलच्या फाइलमध्ये निगेटिव्ह, कोण खोटं बोलतंय?" बऱ्याचदा कोणीच नाही. काही लोकांच्या पेशींवर डी अँटिजेन इतका कमी असतो की नुसत्या अँटी-डीने गोळे होत नाहीत, ३७ अंशांवर ठेवून, धुवून, कूम्ब्स सिरम (पेशीवर चिकटलेली अँटिबॉडी उघड करणारं) घातल्यावरच दिसतं, याला वीक डी म्हणतात. डोनर म्हणून तो पॉझिटिव्ह धरतात, कारण त्याचं रक्त निगेटिव्ह माणसाला गेलं तर त्याच्यात अँटिबॉडी तयार होऊ शकते. पेशंट म्हणून त्यालाच निगेटिव्ह धरून निगेटिव्ह रक्त देतात. दोन्ही ठिकाणी हेतू सुरक्षिततेचाच, फक्त समजावून कोणी सांगत नाही, तर प्लीज रिपोर्टवर एक ओळ लिहा. टेक्निशियन लोकांना दोन गोष्टी, एक म्हणजे नुसतं आयजीएम अँटी-डी वीक डीसाठी चालत नाही, आयजीएम-आयजीजी (अँटिबॉडीचे दोन प्रकार) ब्लेंड लागतं, आणि दुसरं म्हणजे पेशंटची डायरेक्ट कूम्ब्स पॉझिटिव्ह असेल, म्हणजे त्याच्या पेशींवर आधीच अँटिबॉडी बसलेली असेल, तर वीक डीच्या त्या रिझल्टवर विसंबू नका. गरोदर बाईच्या बाबतीत तर जास्तच काळजी, खरी निगेटिव्ह असताना चुकून पॉझिटिव्ह लिहिलं तर तिला अँटी-डीचं इंजेक्शनच मिळत नाही आणि त्याची किंमत पुढच्या बाळाला मोजावी लागते.

आणि आता ते, ज्याच्यासाठी मी एवढं ओ सेल, ओ सेल करतेय.

काही वर्षांपूर्वी एक बाई बाळंतपणासाठी आली, हिमोग्लोबिन पाचच्या आसपास, हातात एका लॅबचं लॅमिनेट केलेलं कार्ड, ओ पॉझिटिव्ह. आमच्याकडे फॉरवर्डपण ओ पॉझिटिव्ह. रिव्हर्सला ए सेल फोर प्लस, बी सेल फोर प्लस, सगळं ओसारखंच. शेवटची ट्यूब उचलली, ओ सेल. बटण एका तुकड्यात उचललं गेलं. ऑटो कंट्रोल मात्र धुरासारखा सुटला, स्वच्छ निगेटिव्ह. म्हणजे थंडीवाली नाही, रूलो नाही. फ्रीजमधल्या ओच्या सहा पिशव्यांशी क्रॉसमॅच लावला, सहाही इनकम्पॅटिबल, म्हणजे न जुळणाऱ्या. अँटी-एच लेक्टिन टाकलं, आपल्या ओ कंट्रोलला गच्च गोळे, तिच्या पेशींना काहीच नाही.

बॉम्बे ग्रुप. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत हा ओळखला म्हणून नाव बॉम्बे. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच अँटिजेनच या लोकांत नसतो, ओ ग्रुपमध्ये तो भरपूर असतो. म्हणून यांच्या प्लाझ्मात अँटी-ए, अँटी-बी आणि वर अँटी-एच, आणि ही अँटी-एच शरीराच्या तापमानाला पेशी फोडणारी. ओ रक्त दिलं तर जीव जाऊ शकतो. यांना फक्त बॉम्बेचंच रक्त चालतं. भारतात साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण सांगितलं जातं, युरोपात त्याहून कितीतरी दुर्मीळ. टाइलवर तीन थेंब टाकून हा माणूस आयुष्यभर ओच दिसतो, जेल कार्डवर केलं आणि रिव्हर्सच्या कॉलममध्ये ओ सेल नसतील तरी ओच दिसतो. अख्ख्या ग्रुपिंगमध्ये त्याला ओळखणारी ती एकच ट्यूब, आणि कंटाळा आला की सगळ्यात आधी वगळली जातेपण तीच.

तिच्यासाठी त्या रात्री आम्ही काय केलं ते सांगते, कारण असा पेशंट आला तर तुम्हालाही हेच करायचंय. डॉक्टरांना लगेच फोन, लेखी कळवलं की ओ अजिबात द्यायचं नाही, अगदी इमर्जन्सीतही नाही. फाइलवर लाल पेनने लिहिलं. दुर्मीळ ग्रुपच्या डोनरची यादी ठेवणाऱ्या मोठ्या सेंटरना आणि रक्तदानाच्या कामातल्या कार्यकर्त्यांना निरोप गेले. आणि नातेवाइकांना विचारलं, सख्खी भावंडं किती. हा गुण आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे सख्ख्या भावंडांत प्रत्येकाला साधारण चारात एक शक्यता असते, आणि जवळच्या नात्यात लग्न झालेल्या घरांत तो जास्त सापडतो. तीन भाऊ होते. पहाटे जीप करून तिघेही आले, तिघांच्याही कार्डावर ओ किंवा ओ पॉझिटिव्ह. मधल्याची ओ सेलची ट्यूब बहिणीसारखीच उचलली गेली. त्याची एक पिशवी घेतली, तपासण्या केल्या, क्रॉसमॅच जुळला, दुपारी तिला रक्त सुरू झालं आणि मुंबईहून दुसरी पिशवी संध्याकाळी पोचली.

त्या दोघांचं जुनं कार्ड आम्ही काढून घेतलं आणि नवीन दिलं, मराठीत, मोठ्या अक्षरात, "बॉम्बे ग्रुप आहे, ओ रक्त देऊ नये", खाली सेंटरचा फोन नंबर. भाऊ अजून वर्षातून एक-दोनदा फोन करून विचारतो, ताई, कोणाला लागतंय का.